व्हिएन्नातली १२ मिनिटं आणि आपली ठाण्याची खाडी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुंबईत पीएचडीचं तिसरं वर्ष, विषय ठाणे खाडीच्या गाळातलं मायक्रोप्लास्टिक. एप्रिलमध्ये व्हिएन्नाला एका आंतरराष्ट्रीय परिषदेत १२ मिनिटांचं तोंडी सादरीकरण आणि पुढे ३ मिनिटं प्रश्नोत्तरं. दहावीपर्यंत मराठी माध्यम, घरातून परदेशी जाणारे तुम्ही पहिलेच, आणि इंग्रजी बोलताना अडखळायला होतं. म्हणून सगळं भाषण लिहून पाठ करावं का, उच्चारांसाठी दोन महिन्यांचा क्लास लावावा का, असं तुम्ही विचारलंत. अगदी शेवटी एक ओळ आहे: ‘प्रश्नच कळला नाही तर काय करायचं?’ मला ही शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची वाटली. इंग्रजीचं निमित्त आहे. चारचौघांत, तेही परक्या चारचौघांत, आपलं काम उघडं पडेल ही खरी धाकधूक आहे. म्हणून आधी तिच्याबद्दल लिहिते, व्हिसा-बिसा नंतर.

मी गेली २२ वर्षं मुंबईत पर्यावरणविज्ञान शिकवते. माझे विद्यार्थी परिषदांना जातात, आणि काही सत्रांची अध्यक्ष म्हणून मी स्वतः घड्याळ हातात घेऊन बसले आहे. त्यामुळे बोलणाऱ्याची घालमेल आणि ऐकणाऱ्याची अडचण, दोन्ही मी जवळून पाहिल्या आहेत.

क्लास लावू नका. दोन महिन्यांत उच्चार बदलत नाहीत, उलट प्रत्येक शब्दावर लक्ष जाऊन बोलणं आणखी अडतं. व्हिएन्नाच्या त्या खोलीत इटलीचे, पोलंडचे, कोरियाचे, ब्राझीलचे लोक असतील. त्यांतल्या बहुतेकांची मातृभाषा इंग्रजी नसेल आणि तेही शब्द शोधत बोलतील. आपल्याकडच्या मुलांचं बोलणं त्यांना कळत नाही, त्याचं कारण बहुतेकदा उच्चार नसतात, वेग असतो. भीती वाटली की आपण सुसाट सुटतो. तुम्ही अडखळता म्हणजे निदान थांबता तरी. ते थांबणं वाक्याच्या मध्ये येतंय, ते वाक्याच्या शेवटी आणायचं, एवढाच सराव करा.

पाठांतराबद्दल माझं मत ठाम आहे, आणि त्यामागे एक प्रसंग आहे. माझ्या एका विद्यार्थिनीने संपूर्ण भाषण तोंडपाठ केलं होतं. लॅबमध्ये रंगीत तालीम ठेवली. सहाव्या स्लाइडवर प्रोजेक्टरची वायर सैल होऊन पडदा निळा झाला. कुणीतरी उठून वायर बसवली, अर्ध्या मिनिटाचा खेळ. पण ती जिथे थांबली होती तिथून पुढचं वाक्य तिला काही केल्या आठवेना. शेवटी तिने पाचव्या स्लाइडपासून सगळं पुन्हा म्हटलं. तिला विषय येत नव्हता का? चार वर्षं ती तेच करत होती. पण तिने विषय बाजूला ठेवून शब्दांना धरलं होतं. तेव्हापासून मी मुलांना सांगते: पहिली तीन वाक्यं आणि शेवटची दोन वाक्यं पाठ करा, झोपेतून उठवलं तरी यायला हवीत. एका स्लाइडवरून दुसरीवर जाताना म्हणायचं जोडवाक्यही ठरवून ठेवा. मधलं सगळं मात्र समोरच्या आलेखाकडे बघून, त्याच्याबद्दल बोला. आलेख तुमचाच आहे, तो तुम्हाला दगा देणार नाही.

आता मुख्य गोष्ट. पहिल्यांदा जाणारे जवळपास सगळे विद्यार्थी १२ मिनिटांची वाटणी चुकवतात, आणि सगळे एकाच दिशेने चुकवतात. मायक्रोप्लास्टिक म्हणजे काय, ५ मिलिमीटरपेक्षा लहान तुकडे, ते कसे घातक, जगभर किती संशोधन झालं, यात चार मिनिटं जातात. मग मिठाच्या द्रावणात गाळ ढवळून प्लास्टिक वर कसं तरंगवलं, गाळणी कुठली, सूक्ष्मदर्शक कुठला, यात आणखी तीन. उरलेल्या वेळात निष्कर्ष धावत. त्या सत्राला येणारी माणसं याच विषयात काम करणारी असतात. व्याख्या त्यांना येते, पद्धत त्यांनी स्वतः वापरलेली असते. त्यांना जे अजिबात ठाऊक नसतं ते तुम्ही एका वाक्यात उरकता, कारण तुमच्या दृष्टीने ते रोजचंच असतं: आपली खाडी, आपला पाऊस, आपली भरती-ओहोटी.

जरा त्यांच्या जागी बसून बघा. बाल्टिक समुद्रावर काम करणाऱ्या माणसाने भरती-ओहोटी जवळजवळ पाहिलेलीच नसते. आपल्याकडे उधाणाच्या दिवशी पाणी चार-साडेचार मीटरच्या वर चढतं आणि काही तासांत उतरून मैलभर चिखल उघडा टाकतं. व्हिएन्नात वर्षभरात साधारण साडेसहाशे मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बाराही महिन्यांत वाटून. मुंबईत दोन हजार मिलिमीटरहून जास्त, आणि जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. तुमचा निष्कर्षच मुळी पावसाळ्याआधीच्या आणि नंतरच्या गाळातल्या फरकावर उभा आहे ना? मग पावसाळा म्हणजे काय हे न कळलेल्या माणसाला तो फरक नुसता दोन खांबांचा आलेख वाटणार. नाले, मिठागरं, दोन्ही काठांवरची वस्ती, आठ महिने जेमतेम गोडं पाणी आणि मग अचानक लोंढा, हे चित्र आधी उभं करा.

त्यासाठी दुसरीच स्लाइड नकाशाची ठेवा. डावीकडे मुंबई, उजवीकडे नवी मुंबई, मधोमध सुमारे २६ किलोमीटरची खाडी, वर ठाण्याकडे चिंचोळी, खाली बंदराकडे रुंद. तुमची सॅम्पलिंगची ठिकाणं ठळक ठिपक्यांनी. शेजारी ओहोटीच्या वेळच्या चिखलाचा एक फोटो, त्यात माणूस उभा असलेला, म्हणजे आकाराचा अंदाज येतो. रोहित पक्ष्यांचा मोठा फोटो टाकायचा मोह होईल. खाडीचा काही भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, गेला, हे जरूर सांगा, कारण त्यावरून जागेचं महत्त्व एका वाक्यात कळतं. पण फोटो लहान ठेवा. गुलाबी थवा पडदाभर दिसला की लोकांना तो थवाच लक्षात राहतो, आणि तुम्हाला पक्ष्यांवरचे प्रश्न येतात. हे मी एकदा प्रत्यक्ष पाहिलंय.

एकूण नऊ-दहा स्लाइड पुरे. माझा ठोकताळा असा: जागा आणि प्रश्न मिळून ३ मिनिटं, पद्धत १, निकाल ५, त्याचा अर्थ आणि मर्यादा ३. सराव मात्र ११ मिनिटांत संपेल असा करा, कारण तिथे पहिल्या मिनिटात माइक, रिमोट आणि घसा यांतच काही सेकंद जातात.

इंग्रजी उभं करण्याआधी हे सगळं एकदा मराठीत सांगून बघा. मी हे भावनेपोटी सांगत नाही, याचा फार उपयोग होतो. ज्या नाखव्याच्या होडीतून तुम्ही गाळ आणलात त्याला सांगा: आम्ही काय शोधत होतो आणि काय सापडलं. तो तुम्हाला लगेच अडवेल. ‘उधाणाला गेलो होतो तेव्हाचा गाळ का भांगाला गेलो होतो तेव्हाचा?’ अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याचा जोर वेगळा, तळ ढवळला जातो; अष्टमीच्या सुमाराला भांगाच्या भरतीत पाणी मंद असतं. हाच प्रश्न व्हिएन्नात ‘स्प्रिंग टाइड की नीप टाइड’ म्हणून येणार आहे. नाखव्याला पटेल असं उत्तर तुमच्याकडे असेल तर परिषदेसाठीही आहे. नसेल तर अजून वेळ आहे, सॅम्पलिंगच्या तारखा काढून भरतीच्या तक्त्याशी ताडून बघा. आणि शेवटच्या आभाराच्या स्लाइडवर गाईडच्या खाली त्या नाखव्याचं नाव घाला, अर्थात त्याला विचारून.

आता ती शेवटची ओळ. प्रश्न कळला नाही तर?

२००४ साली मी एडिंबराला पहिल्यांदा बोलले. माझं काम खाडीच्या गाळातल्या जड धातूंवर होतं. बोलून झाल्यावर मागच्या रांगेतल्या एका वयस्कर बाईंनी प्रश्न विचारला. मला त्यात ‘डेटा’ असा शब्द ऐकू आला. मी माझा डेटा कसा तपासला यावर दीड मिनिट बोलले. त्यांनी शांतपणे मान हलवली आणि बसल्या. चहाच्या वेळी त्या कप घेऊन माझ्याकडे आल्या आणि सावकाश म्हणाल्या, मी ‘डेप्थ’ विचारली होती, गाळाचा वरचा किती सेंटिमीटरचा थर घेतलास? वरचा ५ सेंटिमीटर. उत्तर मला पाठ होतं, वहीत होतं, आणि ती वही माझ्या खांद्यावरच्या पिशवीत होती. येत असलेलं उत्तर देता आलं नाही, याचं वाईट मला परतीच्या विमानापर्यंत वाटत होतं.

तेव्हापासून मी जे करते तेच तुम्हाला सांगते. प्रश्न कळला असं वाटलं तरी तो आधी स्वतःच्या शब्दांत परत म्हणा: ‘सो यू आर आस्किंग अबाउट द डेप्थ ऑफ सॅम्पलिंग, राइट?’ चुकलं असेल तर समोरचा माणूस तिथेच दुरुस्त करतो. बरोबर असेल तर मागच्या रांगेलाही प्रश्न कळतो आणि तुम्हाला विचार करायला पाच सेकंद मिळतात. अजिबात कळला नाही तर ‘सॉरी, कुड यू से दॅट अगेन, स्लोली?’ म्हणा. यात काही कमीपणा नाही. दुसऱ्यांदाही कळला नाही तर सत्राध्यक्षांकडे बघा. मी त्या खुर्चीत असते तेव्हा अशा वेळी प्रश्न सोप्या शब्दांत मांडून देणं हे माझं कामच समजते, आणि बहुतेक अध्यक्ष तसंच समजतात.

आणि उत्तर येत नसेल तर? इथे तुमच्या विषयातलंच उदाहरण घेते. गाळातून प्लास्टिक वेगळं करायला तुम्ही साधं मीठ वापरलं असेल असं मी धरते, आपल्या बहुतेक लॅबमध्ये तेच परवडतं. संपृक्त मिठाच्या पाण्याची घनता १.२ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर. पाण्याच्या बाटल्या ज्या प्लास्टिकच्या असतात त्या पीईटीची घनता साधारण १.३८. म्हणजे बाटलीचे तुकडे तरंगणारच नाहीत, गाळाबरोबर खालीच राहतील. कुणीतरी हा प्रश्न विचारणार, लिहून ठेवा. याचं वाईट उत्तर म्हणजे सारवासारव, ‘इतरांनीही मीठच वापरलंय’. चांगलं उत्तर एका वाक्याचं: हो, म्हणून आमचे आकडे किमान समजावेत, जड प्लास्टिक यात कमी मोजलं गेलंय. त्याहून चांगलं म्हणजे मर्यादांच्या स्लाइडवर तुम्ही स्वतःच ते आधी सांगणं. विचारणाऱ्याला मग पुढचा, जास्त उपयोगाचा प्रश्न विचारता येतो.

असे १५ प्रश्न काढा आणि प्रत्येकाचं दोन वाक्यांचं उत्तर मोठ्याने बोलून बघा. ब्लँक, म्हणजे गाळ न घालता केलेल्या कोऱ्या चाचण्या, किती ठेवले, लॅबमधल्या कपड्यांचे धागे सॅम्पलमध्ये पडले नाहीत कशावरून, सापडलेल्या कणांपैकी किती एफटीआयआरवर, म्हणजे प्लास्टिकचा प्रकार ओळखणाऱ्या यंत्रावर, तपासले, एकक किलोमागे कण असं आहे तर कोरड्या गाळाचं की ओल्या. तीन-चार उत्तरांना आकडे लागतील, त्यांच्यासाठी आभाराच्या स्लाइडनंतर जादा स्लाइड ठेवा. प्रश्न आल्यावर ती काढून दाखवलीत की खोलीचा तुमच्याकडे बघण्याचा नूर बदलतो.

काही गोष्टी मात्र तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्यांवर मी इथून छातीठोक सांगू शकत नाही. तुमचे गाईड सोबत येणार आहेत का? येणार असतील तर प्रश्नांची उत्तरं त्यांनी मध्येच द्यायची नाहीत हे आधीच नीट बोलून घ्या. अवघड वाटेल, पण बहुतेक गाईड समजून घेतात. सत्र खूप मोठ्या सभागृहात असेल तर आलेखावरची अक्षरं आणखी मोठी लागतील. आणि तुमचे निकाल अजून अर्धवट असतील तर तोंडी ऐवजी पोस्टर मिळतं का हे आयोजकांना विचारायला हरकत नाही. पोस्टरपाशी तासभर एकेका माणसाशी निवांत बोलता येतं, आणि अर्धवट कामासाठी मला ते जास्त फायद्याचं वाटतं. पण भीती वाटते म्हणून पोस्टर मागू नका.

इथवरचं थोडक्यात: क्लास नको, सुरुवात आणि शेवट तेवढा पाठ, पद्धतीवर १ मिनिट, खाडीवर ३, प्रश्न परत म्हणून मगच उत्तर.

आता कागदपत्रं. ऑस्ट्रियासाठी शेंगेन व्हिसा लागतो, युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच. त्याचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. उन्हाळ्याच्या तोंडावर मुंबईत अपॉइंटमेंट मिळणं कठीण होत जातं, त्यामुळे निवडीचं पत्र हातात आल्याच्या आठवड्यात तारीख घ्या. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध हवा, दोन पानं कोरी हवीत. प्रवास विम्याचं कवच किमान ३०,००० युरोचं लागतं. परिषदेचं निमंत्रण, विभागाचं ना-हरकत पत्र (एनओसी), बँकेचं स्टेटमेंट, राहण्याचं आणि तिकिटाचं बुकिंग, आणि खर्च कोण करतंय याचं पत्र. या सगळ्यांवरच्या तारखा आणि नावाचं स्पेलिंग पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळायला हवं. आपल्याकडे वडिलांचं नाव मध्ये घालायची पद्धत आहे, गडबड नेमकी तिथेच होते. परिषद संपल्यावर प्रागला चार दिवस जास्त राहायचा बेत असेल तर लक्षात घ्या: ज्या देशात सगळ्यात जास्त दिवस राहणार त्याच्याकडे अर्ज करायचा असतो.

पैशाचं म्हणाल तर पहिली मागणी आयोजकांकडे करा. विद्यार्थ्यांना नोंदणी शुल्कात सवलत किंवा प्रवासासाठी मदत अनेक परिषदा देतात, पण ती बहुतेकदा ॲब्स्ट्रॅक्टबरोबरच, म्हणजे कामाचा सारांश पाठवतानाच, मागावी लागते. दुसरीकडे एएनआरएफ, म्हणजे पूर्वीची एसईआरबी, आणि सीएसआयआर या संशोधनाला पैसे देणाऱ्या सरकारी संस्थांच्या प्रवास अनुदानाचे चालू नियम आजच बघा, त्यांना काही महिने आधी अर्ज लागतो. विद्यापीठाचा निधी विभागागणिक बदलतो. ऑफिसातल्या ज्या बाई ही फाइल हाताळतात त्यांना प्रत्यक्ष जाऊन भेटा, ईमेलची वाट बघत बसू नका.

तिकिटाबद्दल दोनच गोष्टी. मुंबईहून युरोपची बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १२ तारीख, पहाटे १.४० असेल तर तुम्हाला ११ तारखेच्या रात्री जेवून सहार विमानतळावर निघायचंय. सुशिक्षित घरांतही ही चूक झालेली मला ठाऊक आहे. दुसरं, फ्रँकफर्ट किंवा म्युनिकहून पुढे जाणार असाल तर इमिग्रेशन तिथेच होतं, व्हिएन्नात नाही. तिथे मोठी रांग असू शकते, दोन तासांपेक्षा कमी अंतराचं जोडविमान घेऊ नका. सादरीकरण पेनड्राइव्हवर, ईमेलमध्ये आणि पीडीएफ करून, असं तिन्ही ठिकाणी ठेवा आणि पेनड्राइव्ह हातातल्या बॅगेत. बोलायच्या दिवशी घालायचा कपड्यांचा एक जोडही हातातल्याच बॅगेत, सामान उशिरा पोचलं तर धावपळ नको. रविवारी तिथली बहुतेक दुकानं बंद असतात, म्हणून रविवारी पोचत असाल तर थेपले किंवा दशम्या बरोबर असू द्या. पाण्याच्या बाटल्या विकत घेत बसू नका, व्हिएन्नाच्या नळाला डोंगरातल्या झऱ्यांचं पाणी येतं आणि ते उत्तम असतं.

एप्रिलमध्ये व्हिएन्ना आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं. तुम्हाला पहाटे चारला टक्क जाग येईल. ती वेळ शेवटच्या सरावाला वापरा. सत्राच्या आदल्या दिवशी त्या खोलीत जाऊन मागच्या रांगेत बसा आणि दुसऱ्यांचं बोलणं ऐका. अक्षर किती मोठं दिसतं, माइक कसा आहे, अध्यक्ष वेळेची खूण कशी करतात हे कळतं. सत्राच्या १५ मिनिटं आधी अध्यक्षांना भेटून तुमच्या नावाचा उच्चार सांगा. स्वतःचं नाव बरोबर ऐकून बोलायला उभं राहणं फार बरं वाटतं. लेझर पॉइंटर वापरू नका. हात थरथरत असेल तर तो लाल ठिपका पडद्यावर चौपट थरथरतो. बाण स्लाइडमध्येच काढून ठेवा.

संध्याकाळी खोलीवर आलात की इतर काही करण्याआधी वही उघडा. विचारलेला प्रत्येक प्रश्न लिहा, विचारणाऱ्याचं नाव गळ्यातल्या पाटीवरून टिपलं असेल तर तेही लिहा, आणि तुम्हाला तेव्हा सुचलं नाही ते उत्तर आता लिहा. मराठीत लिहिलंत तरी चालेल. त्यांतल्या दोघा-तिघांना आठवड्याच्या आत चार ओळींचं पत्र पाठवा: तुम्ही अमुक विचारलंत, माझं पूर्ण उत्तर असं आहे. एडिंबराच्या त्या बाईंना मी असंच पत्र लिहिलं होतं. त्यांनी उत्तरात खोल थरांचं सॅम्पलिंग कसं करावं याची दोन पानं पाठवली, आणि माझ्या प्रबंधाचं चौथं प्रकरण त्या दोन पानांवरून लिहिलं गेलं.

आणि बोर्डिंग पास जाता-येताचे सगळे जपून ठेवा. अनुदानाचे पैसे मिळताना ते बहुतेक ठिकाणी मागतात.